तामचिनी मगाएवढं वळण

गेली आठ वर्षं मी एक गोष्ट सांगत आलो. सांगलीत केबलच्या धंद्यातल्या कुणाबरोबरही चहाला बसलो की ती माझ्या तोंडून निघायचीच. माझा एक जोडीदार होता, मिलिटरीतून रिटायर होऊन आलेला. माझ्या पहिल्या मोठ्या कामात त्यानं तारांचे कच्चे जोड मारले आणि काम अंगाशी आल्यावर मला भर हॉलमध्ये उभा सोडून तो एसटीनं फलटणला निघून गेला. एवढीच गोष्ट. ऐकणारा हळहळायचा आणि चहाचे पैसे मी द्यायचो. फुकट मिळालेली हळहळ मला पचत नाही.

यंदाच्या थंडीत ती गोष्ट माझ्याच हातात तुटली. म्हणून आता पहिल्यापासून, घडली तशी सांगतो.

मी म्हसवडकडचा. घर मेंढरांचं. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन उसाच्या पट्ट्याकडं निघायचे आणि आम्ही पोरं, भांडी, कोंबड्या, सगळं घोड्यावर लादून मागं. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, रानमालक ज्वारी द्यायचा. किती ज्वारी, यावर रोज घासाघीस. मालक दोन पायली म्हणायचा, वडील पाच म्हणायचे आणि शेवट साडेतीनवर होणार हे बांधावरच्या कुत्र्यालाही ठाऊक असायचं. वडिलांचं खरं हत्यार म्हणजे गप्प बसणं. ते काठीवर हनुवटी टेकून उसाकडं बघत राहायचे. त्या गप्प बसण्याची किंमत पायलीभर तरी होती. मी त्यांच्याकडून घासाघीस शिकलो, गप्प बसणं शिकायचं राहिलं.

आणखी एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे दोरी गुंडाळणं. मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी असते, तिला आम्ही वाघर म्हणतो. रोज सकाळी ती काढायची, गुंडाळायची, घोड्यावर चढवायची. अंगठा आणि कोपर यांच्यात फेरे घ्यायचे, मग त्या जुडीच्या कमरेला चार विळखे, शेवटचा विळखा खालून घालून दातात धरायचा आणि हिसका देऊन आवळायचा. जुडी लाकडासारखी टणक झाली पाहिजे. सैल झाली तर वडील ती माझ्यासमोर सोडायचे आणि पुन्हा करायला लावायचे. "सैल जुडी घोड्याच्या पायात जाती," म्हणायचे, "आन् घोडं पडलं तर संसार पडतो." एकदा एका सकाळी मी पाच वेळा गुंडाळली होती. तेव्हापासून हात असा तयार झाला की बुटाची नाडी असो की लग्नातल्या मांडवाची दोरी, माझी गाठ दुसऱ्याला सुटत नाही.

सातवीनंतर मी कळप सोडला तो सोडलाच. सांगलीत दुसऱ्यांच्या गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी ओढता ओढता विश्रामबागेत दोन गल्ल्या स्वतःच्या झाल्या, मग चार. मला कुणी हात दिला नाही, हे मी तेव्हाही सांगायचो. मेजर भेटले ते त्याच दिवसांत.

आमच्याकडं मिलिटरीतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. हे हवालदार म्हणून रिटायर झाले होते, सगळी नोकरी टेलिफोनच्या आणि सिग्नलच्या तारांमागं गेलेली. घर फलटणजवळ, ऊसवाल्यांचं. मुलीच्या कॉलेजसाठी विश्रामबागेत खोली घेतली होती आणि केबलचं कनेक्शन घ्यायला माझ्या दुकानात आले. मी एक आकडा सांगितला, त्यांनी निम्मा. मी उठून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागलो. ते हलले नाहीत. नुसते दारातून वर बघत राहिले, जिथं माझ्या वायरी खांबावर लोंबत होत्या.

"ह्या वायरी कुणी टाकल्या?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग गड्या, धंदा सोड, रसाचं गुऱ्हाळ घाल."

मला राग आला तसा मी बोललोही. ते हसले आणि म्हणाले, "शिडी हाय का?" त्या दुपारी त्यांनी माझा तो अख्खा खांब साफ केला आणि कनेक्शन मी सांगितलेल्या आकड्यालाच घेतलं. महिन्याभरात आम्ही बरोबर काम करायला लागलो. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना मेजर म्हणायचो, ते मला चिडवायला मालक म्हणायचे.

ते दिवस आठवले की मला आधी त्यांचा मग आठवतो. पांढरा तामचिनी मग, निळ्या काठाचा, एका ठिकाणी टवका उडालेला. सकाळी दुकानात आले की त्यात चहा घ्यायचे, नळाखाली धुवायचे, पंच्यानं कोरडा करायचे आणि मग पिशवीत पक्कड, कटर यांच्याबरोबर ठेवायचे. कारण चहा झाल्यावर तो मग त्यांचं हत्यार व्हायचा. तोपर्यंत काळ्या वायरी जाऊन काचेच्या तारा यायला लागल्या होत्या. केसाएवढी काच, तिच्यातून प्रकाश जातो, प्रकाशाबरोबर टीव्ही आणि इंटरनेट. ती तार जोडायला मशीन लागते, स्वच्छ हात लागतात आणि उरलेली तार गुंडाळून ठेवायला अक्कल लागते. मेजर उरलेली तार त्या मगाभोवती गुंडाळायचे, अलगद, जसं एखादी बाई नातवाच्या डोक्याला टोपरं बांधते. गुंडाळून झालं की तो मग बाजूला काढायचे आणि ते वेटोळं दोन खुंट्यांवर सैल सोडायचे.

"यापेक्षा बारीक वेटोळं करायचं न्हाई," ते म्हणायचे. "माझा मग म्हंजे शेवटची हद्द."

"का? तुटती?"

"तुटत न्हाई, तीच तर गोची हाय. तुटली असती तर सापडली असती. उजेड सांडतो."

मला पटलं नाही. तार अख्खी असताना आतला उजेड सांडेल कसा? तेव्हा त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. "तुमची मेंढरं आमच्या उसात कुठं शिरायची रं? सरळ वाटंला?"

"वळणावर."

"का?"

"वळण अडचणीचं असलं की कडंची मेंढरं वाटंत मावत न्हाईत. जोरात असत्यात, वळता येत न्हाई, सरळ उसात."

"आन् मग माझा बा काठी घेऊन तुझ्या बापामागं. तसंच हाय हे. उजेड बी वळतो, पर त्याला वळायला जागा लागती. जागा न्हाई दिली तर कडंचा उजेड भाईर."

मी हसलो आणि म्हणालो, "म्हंजे तुमच्या बापानं आमच्याकडनं किती ऊस भरून घेतला, त्याचा हिशेब या वायरीत काढताय व्हय?" ते इतके हसले की चहा सांडला. पण तो मग मी कधी मनावर घेतला नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय आहे. काही लोक शुभकार्याला उजवा पाय आधी टाकतात, तसं.

मग वसतिगृहाचं काम आलं. विश्रामबागेतल्या एका मुलांच्या वसतिगृहात नवा मोठा हॉल बांधला होता, तिथं भिंतभर टीव्ही आणि सगळ्या इमारतीला इंटरनेट. माझ्यापेक्षा मोठे दोन ठेकेदार मागं लागले होते. मी रेक्टर सरांकडं सात वेळा गेलो, दर वेळी थोडा खाली आलो आणि दर वेळी काहीतरी त्यांच्याकडून काढून घेतलं. हे काम नीट झालं तर संस्थेच्या बाकीच्या इमारती मला मिळणार होत्या. नाही झालं तर मी चार गल्ल्यांतला वायरवालाच राहणार होतो. हे मला माहीत होतं, मेजरांनाही माहीत होतं. त्यांनी एकेक जोड असा मारला की मशीनवरचा आकडा बघून मलाच कौतुक वाटायचं.

उद्घाटनाच्या सकाळी वरच्या हॉलमध्ये मी आणि सुतार दोघंच होतो. मेजर खाली गेटपाशी बाहेरची तार लावत होते. पश्चिमेच्या भिंतीवर आमचा जोडांचा डबा होता आणि त्याच्या खाली उरलेली आठ-दहा हात पिवळी तार मगाच्या मापात गोल करून टांगलेली. सुतार त्या भिंतीला प्लायवूडची फळी मारायला उभा होता. फळी आणि भिंतीच्या मधे जागा कमी. त्याला ते वेटोळं नडत होतं आणि माझ्या डोळ्याला ते गबाळं दिसत होतं. असं लोंबतं काहीतरी आत ठेवून वर फळी मारायची? घोड्याच्या पायात जाणार ते.

मी वेटोळं काढलं, चार बोटांवर गुंडाळलं, कमरेला प्लास्टिकच्या पट्टीचा विळखा खालून घातला, पट्टीचं टोक दातात धरलं आणि हिसका दिला. छान टणक जुडी झाली. खोबणीत बसली. सुतार म्हणाला, "असं पायजे काम." डबा तेवढा बाहेर ठेवून फळी बसली. मी हात झटकले आणि जिना उतरलो. सगळं मिळून दोन मिनिटं.

उद्घाटन झालं, पेढे झाले. पाऊस संपला, थंडी आली आणि सकाळच्या वेळी हॉलमधला टीव्ही फुटायला लागला. चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा. त्या दिवसांत ऑस्ट्रेलियात मॅच होत्या, सकाळीच सुरू होणाऱ्या. चाळीस पोरं ब्लँकेट अंगावर घेऊन हॉलमध्ये बसलेली आणि बॉलरनं हात वर केला की चित्र गारठायचं. दुपारी सगळं ठीक. मी दुपारी गेलो की पोरं म्हणायची, "काका, तुम्ही आला की चालू होतं, तुम्हीच इथं राहायला या."

मेजरांनी एकेक जोड तपासला. पुन्हा मारला. काही फरक नाही. दोन दिवस गेले. मग मला विचारलं, "मालक, त्या डब्याला, तिथल्या तारंला कुणी हात लावलाय का?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो.

हे मी खोटं बोललो नाही. आज शपथेवर सांगतो. हात लावणं म्हणजे बिघडवणं, ओढणं, उपसणं. नीट बांधून ठेवणं म्हणजे हात लावणं असं माझ्या डोक्यात आलंच नाही. आईनं पसरलेलं अंथरूण गुंडाळून ठेवलं तर आपण अंथरुणाला हात लावला असं कुणी म्हणतं का?

मेजर म्हणाले, ओटीडीआर आणू. त्या मशीनमध्ये तारेत किती अंतरावर उजेड कमी होतो ते दिसतं. मशीन मिरजेतल्या एकाकडं होती. मी तिच्या भाड्यावर अर्धा तास घासाघीस केली आणि निम्म्यात आणली, पण फक्त दुपारी दोन ते पाच. सकाळी त्याची दुसरीकडं कामं होती, सकाळचं भाडं पुरं लागणार होतं.

"सकाळीच पायजे," मेजर म्हणाले. "रोग सकाळी येतो आन् तू डाक्टर दुपारी आणतोस."

"तार तीच हाय ना? सकाळी काय आन् दुपारी काय."

दुपारी पश्चिमेची भिंत उन्हानं तापलेली. मशीनवर रेघ जवळजवळ सरळ. डब्यापाशी एक बारीकशी पायरी दिसली, त्यावर मेजरांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ त्या फळीकडं बघत राहिले. सुताराला बोलवून फळी काढू का, असं त्यांनी विचारलंही. नव्या पॉलिशची फळी, रेक्टर सर आधीच वैतागलेले. मी म्हणालो, "फळीत काय हाय? जोड तुमचे हाईत, फळी न्हाई."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मॅचचा शेवट होता. रेक्टर सरांनी मला मुद्दाम बोलावलं. हॉल भरलेला. कॅन्टीनची मावशीसुद्धा परात घेऊन दारात उभी. टीव्हीवर नुसते चौकोन. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे तुमचं काम?" पोरं हसली. मेजर डब्यापाशी उभे होते, हातात मग. चहा पीत होते. मला ते चहा पीत होते याचाच राग आला.

मी म्हणालो, "ह्याला विचारा. ह्याचे जोड हाईत. आयुष्यभर मिलिटरीत तारा जोडल्या म्हणतो. काय जोडलंस रं तू? तुझ्या जोडांवर बॉर्डर राहिली कशी?"

पोरं आधी हसली आणि मग मेजरांकडं बघायला लागली. मेजरांनी चहा संपवला. रिकामा मग खिडकीत ठेवला. आपला कटर पिशवीत घातला, पंचा खांद्यावर टाकला आणि माझ्याकडं न बघता हॉलमधून बाहेर पडले. मला वाटलं, खाली जाऊन बसतील. ते थेट स्टँडवर गेले.

मी दुसऱ्या दिवशी मिरजेहून दुसरा माणूस आणला आणि इमारतीच्या बाहेरून नवीन तार ओढली, तो डबाच सोडून. टीव्ही त्या क्षणी सुरू झाला आणि पुन्हा कधी फुटला नाही. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? तार बदलली, जोड बदलले, रोग गेला. म्हणजे जोडच कच्चे होते. बाकीच्या इमारती मात्र दुसऱ्या ठेकेदाराला गेल्या. मेजरांना मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. तीन फोन केले. मी कुणाला तीन फोन करत नाही. मग कळलं, ते साताऱ्यात एकाकडं काम करतात आणि तिथं त्यांच्या जोडांची लोक वाखाणणी करतात. तिथून माझी ती गोष्ट सुरू झाली.

मेजरांचा मग मी हॉलच्या खिडकीतून उचलून आणला होता, तो दुकानातच राहिला. मी त्यात खिळे ठेवायला लागलो. तो समोर असला की मला रोज आठवायचं की माझ्यावर अन्याय झाला.

माझा धंदा पुढं वाढला. आज माझ्याकडं आठ माणसं आहेत. आता येणारी घरातली तार बोटाला गुंडाळली तरी उजेड सांडत नाही, पेन्सिलीभोवती गुंडाळली तरी फारसा नाही. माझी पोरं ती खिळ्यावर अडकवतात, दाराच्या फटीतून ओढतात. कुणाकडं मग नाही, कुणाला वळणाची भीती नाही. मला त्यांचं काम बघून कधी कधी उगाच चिडायला होतं.

यंदा त्या वसतिगृहाचा हॉल नव्यानं करायला काढला. तिथला सुपरवायझर ओळखीचा, त्यानं फोन केला, "फळीमागं तुमचं जुनं सामान निघालंय, घेऊन जा, न्हाईतर भंगारात जाईल." भंगारात काही जाणं मला सोसत नाही. मी गेलो. फळ्या जमिनीवर, भिंत उघडी, धूळ. डब्याखाली खोबणीत ती जुडी.

मी ती लगेच ओळखली. तार ओळखायच्या आधी हात ओळखला. कमरेचा शेवटचा विळखा खालून घातलेला. प्लास्टिकच्या पट्टीच्या टोकाला चेपलेली खूण, माझ्या दातांची. माझा डावीकडचा एक दात वाकडा आहे, ती खूणही वाकडी. तिथं उभा राहून मी पहिल्यांदा तो मेजरांचा प्रश्न पुन्हा ऐकला. कुणी हात लावलाय का?

जुडी कापून घेतली आणि दुकानात येऊन शटर अर्धं ओढलं. आमच्याकडं लाल उजेडाचं पेन असतं, तारेच्या एका टोकाला लावलं की दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसायला पाहिजे. मी पेन लावलं. दुसऱ्या टोकाला ठिपका होता न होता, इतका फिका. आणि जुडीची दोन्ही टोकं, जिथं तार दुमडून परत फिरत होती, तिथं पिवळ्या वेष्टणातून लाल लाल दिसत होतं. राख बाजूला सारल्यावर गोवऱ्या दिसतात तसं. प्रत्येक फेऱ्यावर थोडा थोडा. दुपारच्या उन्हात ही तार सैल पडत असणार, म्हणून कसंबसं भागत होतं. सकाळच्या थंडीत आकसली की राहिलेलाही सांडत होता.

मी पट्टी कापली. जुडी उघडली. लाली विझत गेली आणि पलीकडच्या टोकाला ठिपका वाढत गेला. शेवटी तो माझ्या शर्टावर पडला.

बायको जेवायला बोलवायला फोन करत होती. मी मगातले खिळे टेबलावर ओतले, तो मग पिशवीत टाकला, पट्टीचे तुकडे आणि ती तार घेतली आणि गाडी काढली. विटा, मायणी, दहिवडी. दहिवडीला म्हसवडकडं फाटा जातो, तिथं एरवी मी घराकडं वळतो. त्या दिवशी सरळ घाट उतरून फलटण.

मेजर अंगणात बाजेवर होते. केस पांढरे झालेले, बाकी तेच. उठले नाहीत.

"कोण म्हणायचं?" ते म्हणाले. मला ओळखलं होतं.

मी तार त्यांच्या पुढ्यात ठेवली. मी ती वाटेत थांबून नवी पट्टी घालून पुन्हा तशीच गुंडाळली होती, दाखवायला. त्यांनी ती उचलली, कंबर चाचपली आणि म्हणाले, "आरं, ही तर वाघरीची जुडी."

"उद्घाटनाच्या सकाळी मी बांधली होती. तुमी खाली होता."

"व्हय."

"तुमाला म्हाईत होतं?"

"दुपारच्या मशीनवर वळख पटली. डब्यापाशी पायरी होती न्हवं का."

"मग बोलला का न्हाई?"

"इचारलं की. कुणी हात लावला का. मालक म्हणाला कुणी न्हाई. फळी काढू का म्हणलं, मालक म्हणाला फळीत काय न्हाई. आता सगळ्या हॉलपुढं फळी उचकटून तुझी जुडी भाईर काढायची? तुझी सगळी पत त्या हॉलमधी होती."

खरं सांगतो, माफी मागायला गेलो होतो आणि मला संताप आला. मी ओरडलो, "मग आठ वर्सं मला खोटं का बोलू दिलं? गावभर मी तुमाला नावं ठेवली! एक फोन उचलला असता तर?"

"फोन उचलायला मी काय तुझा नोकर हाय?" तेही ओरडले. "तू मला काय म्हणालास ते इसरलो असतो. मिलिटरी काढलीस ते बी इसरलो असतो. पर 'तू' म्हणालास. चाळीस पोरांपुढं. मी तुला चार वर्सं शिकवलं आन् तू मला 'तू' म्हणालास."

मेजरांची बायको चुलीपासून बाहेर आली. "आवं, पाव्हणं आल्यात का भांडायला आल्यात? आधी चहा घ्या, मग भांडा."

मी पिशवीतून मग काढून मेजरांपुढं धरला. त्यांनी तो घेतला, आत नाक घातलं. "ह्यात खिळं ठेवलंस व्हय रं?"

"चुकलं माझं, मेजर," मी म्हणालो. "जोड तुमचे पक्के होते."

ते बराच वेळ उसाकडं बघत बसले. काही बोलेनात. हे गप्प बसणं मी ओळखत होतो, माझ्या बापाचं होतं ते.

शेवटी म्हणाले, "अंगणात म्हणून भागायचं न्हाई. हॉलमधी म्हणालास, हॉलमधी म्हण. माईकवर."

"ती पोरं आता कुठं ऱ्हायली? नोकऱ्यांना गेली. सर रिटायर झाले. नव्या पोरांना काय कळणार?"

"कॅन्टीनची मावशी हाय?"

"हाय."

"तिच्यापुढं म्हण."

"म्हणतो. उद्याच म्हणतो."

"आन् गावभर सांगितलंस त्याचं काय? चहाला बसून बसून?"

"त्या सगळ्यांना कुठं शोधू? काही तर वारले."

"मग लिही. दुकानात बसून पेपरला तक्रारी लिहितोस म्हणं. हे बी लिही."

"नाव घालू का तुमचं?"

"माझं नको. तुझं बी नको. मला कळलं, तुला कळलं, बास." ते थांबले. "फक्त जोड पक्के होते हे लिही. आन् दुपारच्या मशीनचं बी लिही, निम्म्यात आणली ते."

"ते कशाला?"

"न्हाईतर माईक."

मी लिहायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी मावशीला सांगितलं. तिनं परात खाली ठेवली, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "मला तवाच वाटलं होतं. इतका शांत माणूस चहा पीत उभा होता, त्याची चूक असती तर चहा गिळला असता का?" मग तिनं मला शिळं भडंग खायला दिलं, कदाचित शिक्षा म्हणून.

त्या दिवशी फलटणहून निघताना मेजरांनी त्या तारेचं पुन्हा वेटोळं केलं. त्याच मगाभोवती, पहिल्यासारखं. मधे त्यांनी टोक माझ्याकडं दिलं, "धर, बांध." मी पट्टी घातली. दात पुढं यायला लागले होते. मी ती बोटानं नुसती अडकवली आणि सोडली. त्यांनी वेटोळं हलवून बघितलं. ते हललं. "हां," म्हणाले. तार मला दिली, तो मग स्वतःकडं ठेवून घेतला. मी मागितला नाही.

घाट चढून दहिवडीच्या अलीकडं रस्ता अडला होता. कळप चालला होता, मागं घोडं, घोड्यावर भांडी, कोंबड्या आणि वाघरीची जुडी. मी गाडी बंद करून काच खाली केली. मेंढका पोरगेला होता, कानात हेडफोन. वळणावर कडेची चार मेंढरं उसात शिरली आणि तो शिव्या देत त्यांच्यामागं पळाला. घोडं तेवढ्यात बुजलं, पाठीवरचं सगळं हिंदकळलं, एक कोंबडी सुटली. जुडी हलली नाही. इतकी घट्ट बांधली होती ती, आणि तिथं ती तशीच पाहिजे होती.